परीक्षा इथे थांबवत आहे

क्षितिज परीक्षेत कुणी नापास होत नाही, असं तिच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापलेलं असायचं. मला ती ओळ तोंडपाठ होती. कारण मी ती परीक्षा दोनदा दिली होती, आणि दोन्ही वेळा नापास झाल्यासारखं तोंड करून घरी आले होते.

आमच्या आधीच्या पिढीला पदव्युत्तर प्रवेशासाठी एकच प्रश्नपत्रिका असायची. लाखभर मुलं ती सोडवायची आणि गुणांप्रमाणे रांग लागायची. क्षितिजमध्ये रांग नव्हती. यंत्र पहिला प्रश्न साधाच विचारायचं. तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न तिथल्या तिथे तयार करायचं आणि तो असा बेतायचं, की तुम्हाला तो येण्याची शक्यता बरोबर निम्मी असावी. आला तर ते एक पाऊल पुढे सरकायचं, नाही आला तर बाजूनं वाट शोधायचं. मोजणीदार जशी शेताची हद्द आखतो, तशी ते तुमच्या समजुतीची हद्द आखत जायचं. आजवर छापलं गेलेलं सगळं विज्ञान त्याच्या पोटात होतं. काय अजून कुणालाच ठाऊक नाही, याचीही त्याच्याकडे नोंद होती. देशातल्या प्रत्येक संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांच्या हद्दी त्यानं आधीच आखून ठेवलेल्या. तुमची हद्द ज्यांच्या हद्दीला लागून निघेल त्यांची यादी यायची, आणि त्यातून तुम्ही संस्था निवडायची.

माझी यादी दोन्ही वेळा कोरी आली. खाली एक सभ्य वाक्य होतं : ‘आपली हद्द सध्या पाठ्यपुस्तकांच्या आत आहे.’

तिसरी संधी शेवटची होती.

आमचं गाव देवघरवाडी, कोयनेच्या खोऱ्यात. गावाच्या वरच्या अंगाला भूकंपमापन केंद्र आहे. दोन खोल्या, एक सौरपट्टी, आणि जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यात बसवलेलं उपकरण. माझी आई, तृप्ती शेडगे, तिथली केंद्र-सहायक. बी.एस्सी. होऊन, लग्न होऊन पंचविसाव्या वर्षी ती या कामाला लागली आणि बावीस वर्षं तेच करत राहिली. खड्ड्यात पाणी शिरलं तर उपसायचं, बॅटऱ्या बदलायच्या, आणि रोज सकाळी घड्याळ तपासायचं. बाबा पाटणच्या आगारात एस.टी.चे मेकॅनिक. भूकंपाचा अभ्यास करायचा हे मी सातवीतच ठरवलं होतं, कारण घरात दुसरं बोलणंच नसायचं.

तिसऱ्या वेळी आईनं माझी तयारी अंगावर घेतली. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायची आणि मला प्रश्न विचारायची. उत्तर आलं की लगेच त्याच्या पुढचा.

"तू अगदी यंत्रासारखी विचारतेस," मी एकदा वैतागून म्हणाले.

"मग माझाही फॉर्म भर की. बघू तरी खरं यंत्र काय विचारतं."

बाबा जेवताना थांबले. "आगं, पोरांच्यात जाऊन बसणार तू?"

"वयाची अट काढलीय त्यांनी. आणि शर्वीला सोबत होईल. मागच्या वेळी बाहेर आली तेव्हा नुसती थरथरत होती."

मी दोघींचे फॉर्म भरले. आईला स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून तिच्या फॉर्मवरही माझाच दिला. भाषा मराठी निवडली.

परीक्षा कराडच्या एका महाविद्यालयात होती. आईनं गणपतीतली जांभळी साडी नेसली होती. हॉलमध्ये तिची जागा माझ्या पुढे चार ओळी. बसताना तिनं मागं वळून हात केला, आणि दोन पोरं हसली.

माझी परीक्षा दोन तास दहा मिनिटं चालली. या वेळी मला कळत होतं, की मी पूर्वी कधी गेले नव्हते तिथे चाललेय. पाय अडखळत होते, पण रस्ता होता. यंत्रानं आभार मानले आणि पडदा मिटला. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

तीन तास झाले. शेवटची मुलगी बाहेर आली. हॉलमध्ये आता आई एकटीच होती. चार तास झाले. मला वाटलं, तिला यंत्र बंद करता येत नसावं. मी पर्यवेक्षक बाईंना तसं सांगितलं. त्या आत डोकावून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"त्या लिहितायत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तीन वर्षं हे काम करतेय. साडेतीन तासांच्या वर कुणी बसलेलं पाहिलं नाही. पाणी नेऊन दिलं, तर बघितलंसुद्धा नाही त्यांनी माझ्याकडे."

आई बाहेर आली तेव्हा साडेपाच तास झाले होते. निऱ्या विस्कटलेल्या, बोटं अवघडलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेवटी कंटाळलंच ते. म्हणालं, वेळ लागेल, परीक्षा इथे थांबवत आहे. मी काहीतरी भलतंच लिहिलं असणार." मग माझ्याकडे बघून एकदम, "तुझं कसं गेलं? खाल्लंस का काही?"

आठव्या दिवशी निकाल आला. माझ्या यादीत तीन नावं होती. हैदराबाद, पुणे आणि डेहराडून. मी ओरडतच केंद्रावर पळत गेले. आईनं मला मिठी मारली, तिच्या हाताला बॅटरीचा वास येत होता. त्या दिवशी बाबांनी आगारात पेढे वाटले.

दुपारी त्याच खात्यात दुसरं पत्र पडलं. तृप्ती शेडगे. मी उघडलं. ‘आपल्या हद्दीला लागून कोणत्याही प्राध्यापकाची हद्द आढळली नाही.’

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कोरी यादी म्हणजे काय, ते मला दोनदा कळलं होतं. आता आईची समजूत कशी घालायची, याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले. मग नजर खालच्या ओळींवर गेली.

‘आपल्या शेवटच्या उत्तरातील विधान बावीस वर्षांच्या कच्च्या नोंदींवर तपासले. तपासणीस तीन दिवस लागले. विधान खरे आहे. ते आजवर कोठेही नोंदवलेले आढळत नाही. हा निष्कर्ष आपल्या नावासह सर्व संस्थांना कळवण्यात येत आहे. आपल्या संपूर्ण प्रश्नोत्तरांची प्रत सोबत जोडली आहे.’

ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मत्सरानं मी पेटले. मी पाच वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला होता, आणि ही सोबत म्हणून बसली होती. सोबत जोडलेली प्रत मी उघडलीच नाही.

संध्याकाळी आईनं सहज विचारावं तसं विचारलं, "माझं काही आलं का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले.

त्यानंतर पत्रं येऊ लागली. हैदराबादहून आलं, पुण्याहून आलं. एक जपानमधून, एक चिलीमधून. आठवडाभरात नऊ झाली. प्रत्येकात तेच : आमच्याकडे या. उत्तरासाठी एकच शेवटची तारीख, महिन्याची वीस. मी रोज ती पत्रं उघडायची, वाचायची आणि बंद करायची. उद्या सांगू, असं ठरवायची. आईनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावत होते.

एकोणीस तारखेला दुपारी आई केंद्रावरून आली आणि माझ्यासमोर एक वही ठेवली. शंभर पानी, नवी.

"तुझ्या तिन्ही ठिकाणच्या प्राध्यापकांचे निबंध काढून वाचले मी," ती म्हणाली. "सगळं नाही कळलं. पण कोण काय करतंय, कुणाचे विद्यार्थी पुढे टिकलेत, कोण नुसतं दुसऱ्याचं उगाळतंय, ते लिहून ठेवलंय. पुणं जवळ आहे म्हणून घेऊ नकोस. डेहराडूनच्या बाईंचं काम मला फार आवडलं. चार ओळींत सांगतात आणि मुद्द्याचं सांगतात."

अकरा दिवस ती हे करत होती. मी पानं उलटली. बारीक, तिरपं अक्षर, काही ओळींखाली पेन्सिलीनं रेघा. ती चहा टाकायला आत गेली आणि मी मोबाईल घेऊन परसात गेले. पायऱ्यांवर बसून मी ती प्रत उघडली.

एकशे चाळीस प्रश्न होते. पहिल्या साठांपर्यंत मी तिच्या बरोबरीनं गेले. नव्वदच्या पुढे मला नुसते प्रश्न समजायलाच वेळ लागू लागला. शेवटचे दहा मी तीनदा वाचले.

यंत्रानं विचारलं होतं : सात किलोमीटर खोल खडकात पाणी कुठवर शिरले आहे, हे छिद्र न पाडता कसे कळेल?

आईनं लिहिलं होतं : समुद्राकडे कान देऊन.

आमच्या डोंगराच्या पलीकडे कोकण, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. लाटा किनाऱ्यावर आपटतात, त्यांची घरघर जमिनीतून अखंड पसरत असते. माणसाला ती जाणवत नाही, उपकरणाला जाणवते. ती खडकातून प्रवास करत आमच्या केंद्रावर येते आणि पुढे वारणेकडच्या केंद्रावर जाते. खडकाच्या भेगांत पाणी भरलं, की तो किंचित नरम होतो आणि घरघर एखाद-दोन सहस्रांश सेकंद उशिरा पोचते. इथवरचं विज्ञान जुनंच होतं. दोन केंद्रांची घड्याळं जुळतात का, हे आई रोज याच घरघरीवरून तपासायची. संगणक एक आकडा द्यायचा. आकडा ठरल्यापेक्षा वेगळा आला तर घड्याळ चुकलं, असं नियमावली सांगायची. ते दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं.

यंत्र : म्हणजे धरणाचा जलाशय भरला की उशीर वाढेल, उतरला की कमी होईल. बरोबर?

आई : पुस्तकात तसंच आहे. माझ्या वहीत नाही. माझं घड्याळ चुकत नव्हतं. मी उपग्रहाच्या वेळेशी ताडून पाहिलं. दुरुस्तीच्या आधीचा आकडा मी रोज लिहून ठेवते, तो पुसायला माझा जीव होत नाही. जलाशय भरलेला असो की उतरलेला, तो आकडा साडेनऊ दिवस चढतो आणि साडेनऊ दिवस उतरतो. एकोणीस दिवसांचं एक आवर्तन. बावीस वर्षं.

यंत्र : कारण?

आई : मला माहीत नाही. वाटतं ते सांगते. भेगा पाणी आत घेतात, फुगतात, मग दाब वाढला की ते बाहेर ढकलतात. छातीसारखं. आमच्या खालचा खडक श्वास घेतो. अकरा वेळा तो आकडा जागच्या जागी थांबला. अकराही वेळा पुढच्या पंधरा दिवसांत चारच्या वरचा भूकंप झाला. हा योगायोगही असेल. मी एकटीनं ठरवू शकत नाही. तुमच्याकडे सगळ्या नोंदी आहेत, तुम्ही बघा.

त्याखाली यंत्राची शेवटची ओळ : यापुढील उत्तर कोणाकडेही नाही. तपासायला वेळ लागेल. परीक्षा इथे थांबवत आहे.

मी मोबाईल खाली ठेवला आणि तळहात जमिनीवर टेकला. माती उन्हानं कोमट झाली होती. मुंग्यांची एक रांग पायरीखाली जात होती. मी या जमिनीवर रांगले, चालायला शिकले, पाच वर्षं इथल्या खडकाचा अभ्यास केला. त्याच्या खाली कोसच्या कोस काळाकभिन्न दगड छाती भरून घेत होता आणि सोडत होता. मी जन्मायच्या आधीपासून, गाव वसायच्या आधीपासूनही असेल. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांतल्या एकीला ते ऐकू आलं होतं, आणि ती आत गवती चहा तोडून आधणात टाकत होती. आतली सगळी आग कुठे गेली कळलं नाही. मी रडायला लागले, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं.

"आई," मी दारात उभी राहून म्हणाले, "तुझं पत्र आलं होतं. अकरा दिवसांपूर्वी."

तिनं गाळणं खाली ठेवलं. "कोरं आलं ना? मला वाटलंच. तू सांगायला लाजतेस म्हणून मी विचारलं नाही परत."

"कोरं नाही. नऊ संस्थांची पत्रं आहेत. उद्या शेवटची तारीख. मी लपवून ठेवलं."

मी मोबाईल तिच्या हातात दिला. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली. ‘विधान खरे आहे’ तिथे पोचल्यावर ती पाटावर बसली. तेवढी एकच ओळ किती वेळ बघत राहिली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते.

"म्हणजे घड्याळ बरोबर होतं माझं," शेवटी ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की मला पुढे झुकावं लागलं. मग तिनं वर पाहिलं. "अकरा दिवस काय गं केलंस हे?"

"मला सहन झालं नाही."

तिनं मान हलवली. "लागलं मला. खोटं नाही सांगत. पण आलीस ना सांगायला." तिनं गाळणं पुन्हा उचललं. "चहा घे. मग त्या लोकांना फोन लावू. मला एक विचारायचंय त्यांना."

तिनं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडे बिघडलेल्या नोंदी ठेवतात की दुरुस्त करून टाकतात? जपानच्या गृहस्थांनी आपली दुरुस्तीची प्रणाली किती अचूक आहे ते वीस मिनिटं सांगितलं. बाकीच्यांनीही थोडंफार तेच. मी मध्ये बसून भाषांतर करत होते. सगळ्यात शेवटी जोरहाटजवळच्या एका लहान संस्थेतल्या डॉ. निरुपमा बोरठाकूर पडद्यावर आल्या. पांढरे केस, मागे मोडकं कपाट.

"दोन्ही ठेवतो," त्या हिंदीत म्हणाल्या. "पण खरं सांगते, न दुरुस्त केलेल्या मी कधी उघडल्याच नव्हत्या. तुमची प्रश्नोत्तरं वाचल्यावर गेल्या आठवड्यात उघडल्या. आमच्याकडेही काहीतरी हलतंय, तृप्तीजी. एकोणीस दिवसांचं नाही, एकतीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही."

आईच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. "इथे जाते मी," ती म्हणाली.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून केंद्रावर गेले आणि आईला म्हणाले, "तो आकडा कसा वाचायचा, दाखव. तू गेल्यावर कुणी घड्याळ दुरुस्त करून टाकलं म्हणजे?" आई जाईपर्यंत महिनाभर ते रोज शिकत होते.

मी डेहराडून निवडलं, ते आईच्या वहीतल्या टिपणावरून. पण आधी आम्ही तिघं जोरहाटला गेलो. वसतिगृहाच्या दारात बाकीचे आईबाप पोरांना पोचवायला आले होते, आणि मी आईच्या पलंगावर चादर घालत होते. खोलीतली दुसरी विद्यार्थिनी बावीस वर्षांची होती. तिनं आईला विचारलं, "आंटी, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" आई हसत हसत म्हणाली, "मला स्वतःलाच."

डिसेंबरात मी सुट्टीला घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी मला केंद्रावर नेलं. पडद्यावर गेल्या सहा दिवसांचे आकडे होते. सहाही सारखे.

"मी चुकतोय का वाचायला?" त्यांनी विचारलं.

बाबा चुकत नव्हते. मी आईला फोन लावला. तिनं आकडे दोनदा म्हणून घेतले. दुपारपर्यंत डॉ. बोरठाकूर आणि तिनं मिळून पत्र तयार केलं, आणि संध्याकाळी ते तालुक्याला पोचलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा शब्द होता तो. खाली तिच्या गुरूची सही. तालुक्याच्या बैठकीत दोन तास वाद झाला, मी तिथे होते. तहसीलदार म्हणाले, "पंधरा दिवस काही झालं नाही तर लोक पुन्हा कधी ऐकणार नाहीत." आईचा आवाज फोनवरून आला, "बरोबर आहे तुमचं. मी चुकू शकते. पण मुलं पंधरा दिवस मैदानात शिकली, तर त्यांचं काय बिघडणार आहे?"

शाळा मैदानात भरू लागल्या. दवाखान्यानं खाटा मांडवात हलवल्या. पहिले चार दिवस लोकांना मजा वाटली. आठव्या दिवसापासून चेष्टा सुरू झाली. दहाव्या दिवशी कुणीतरी आमच्या दारावर खडूनं घड्याळ काढून ठेवलं. बाबांनी ते पुसलं आणि कामाला गेले.

बाराव्या दिवशी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, मी शाळेच्या मैदानात सहावीच्या मुलांना आरशानं उन्हाचा कवडसा पाडायला शिकवत होते. आधी कुत्री गप्प झाली. मग जमिनीतून असा आवाज आला, की तो कानांना नाही, हाडांना ऐकू आला. मैदान पाण्यासारखं हललं. मुलं एकमेकांना धरून खाली बसली. समोर शाळेच्या जुन्या इमारतीची पश्चिमेकडची भिंत सावकाश, जणू दमून, आत कोसळली. धूळ वर चढली. सगळं अकरा सेकंदांत संपलं.

मी मुलं मोजली. अठ्ठावीस. पुन्हा मोजली, अठ्ठावीसच. धूळ खाली बसली तसं आत चेपलेली बाकं दिसली. कुणी ओरडलं नाही. सगळे, मुलं आणि गुरुजी आणि धावत आलेल्या आया, पायाखालच्या जमिनीकडे बघत उभे होते. देवळात गेल्यावर माणसं उभी राहतात तसे.

खोऱ्यात त्या दिवशी सत्तावीस भिंती पडल्या. माणूस एकही दगावला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा आणि मी केंद्रावर गेलो. आईचा फोन चालूच होता. बाबांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि माझ्याकडे फोन दिला.

"हलला, आई," मी म्हणाले. "चढायला लागलाय."

पलीकडून नुसता तिचा श्वास येत होता.